पुलावरची पिशवीवाली बाई

८ डिसेंबर

फुटपट्टीला आजीचे आशीर्वाद. मोजून घे, कमी भरले तर कळव.

फोनवर तू नुसती हं हं करतेस, आणि मला ऐकू येत नाही तेवढं मी मनाने भरून घेते. कागदावर कुणाला हं हं करता येत नाही, म्हणून मास्तरांना लिहायला बसवलंय. शिलाई मशीन थांबलंय आणि कुणाचा तरी कोट एका बाहीवर माझ्याकडे रागाने बघतोय.

तुझा बाप, म्हणजे माझाच दिवटा, परवा येऊन गेला. पोरगी कॉम्प्युटरसमोर सावलीत बसायची सोडून डोक्यावर टोपडं घालून पुलांच्या ऑफिसात धूळ खायला गेली, असं त्याचं रडगाणं. मी म्हटलं, तुला लहानपणी दोन ठोकळे एकावर एक ठेवता आले नाहीत, तिला येतात तर ठेवू दे. तो म्हणाला, उन्हाळ्यापर्यंतच जाणार आहे, काम करून बघणार आणि मग ठरवणार. चांगलं आहे, करून बघ. मला लग्नसुद्धा करून बघता आलं नाही, थेट झालंच.

मला यात नवल वाटलं नाही. तू बोलायला लागलीस त्याच्याआधी मोजायला लागलीस. मांजराची शेपटी मोजलीस, माझं नाक मोजलंस, आणि ते आजोबांच्या नाकापेक्षा मोठं आहे हे घरभर सांगितलंस. तेव्हापासून तू फुटपट्टी.

इकडचं सगळं तसंच. सकाळी पूल ओलांडून पलीकडे जाते, जाऊबाईची वेणी घालते. तिला आता धड दिसत नाही आणि हात खांद्याच्या वर जात नाहीत. जीभ मात्र चालते. रोज भांडतो. तिचे केस माझ्या हातात असतात म्हणून रोज मीच जिंकते.

खाली अंगठा उठवला आहे. मास्तरांच्या शिक्क्याची शाई, जांभळी. तुझा बाप मला अंगठेबहाद्दर म्हणतो. त्याला सांग, तुझी सही कुणीही मारेल. माझा अंगठा मलाच उठवता येतो.

(आजी चुकीच्या जागी अंगठा उठवतात आणि मग माझं अक्षर जांभळं होतं, ही तक्रार नोंदवावी. — मास्तर)


२० जानेवारी

प्रिय आजी आणि मास्तरकाका,

तुमचं पत्र मी डब्यासोबत वाचलं आणि नाकाच्या गोष्टीवर ठसका लागला.

काम आवडतंय. हे बाबांना सांगू नकोस, त्यांना अजून वाटतंय की मी कंटाळून परत येईन. पहिले काही दिवस नुसत्या फायली उचलल्या. आता साहेब सोबत नेतात. पुलाखाली जायचं, हातोडीने लोखंडावर हलकं ठोकायचं आणि ऐकायचं. चांगलं लोखंड खणखणतं. आतून गंजलेलं असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो. साहेब म्हणतात माझा कान चांगला आहे. मी म्हटलं, तो आजीकडून आलेला नाही.

नकाशेही काढायला देतात. तुला एक गंमत सांगते. पुलाचं चित्र काढलं की तो केवढा मोठा आहे हे कळायला त्यावर एक माणूस काढायचा असतो. बाकीचे नुसता काडीचा माणूस काढतात. मी तुला काढते. अंबाडा, नेसूचं घोट्याच्या वर, डाव्या हातात पिशवी. ऑफिसात सगळे विचारतात ही बाई कोण. मी सांगत नाही.

आता माझं एक काम कर. आपल्या लहान पुलाबद्दल मला लिहून पाठव. तो कसा वाटतो, हलतो का, लोक काय म्हणतात. मला माझा अहवाल लिहायचा आहे आणि तुझ्याइतकं त्या पुलावरून कुणी चाललं नसेल. मनमोकळं लिही, नेहमी बोलतेस तसं. आणि अंगठा विसरू नकोस.

तुझी फुटपट्टी


२ फेब्रुवारी

फुटपट्टीला आशीर्वाद, यावेळी दोन जास्त, कारण तू मला पुलावर चढवलंस.

तुझं पत्र मास्तरांनी वाचलं तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मास्तरांना मुद्दाम परत वाचायला लावलं. माझी नात पुलाचा अहवाल लिहिते आणि त्यासाठी मला विचारते. तुझ्या बापाने जन्मात मला काही विचारलं नाही, किल्ली कुठे आहे एवढं सोडून.

तर पूल. पूल म्हणजे म्हातारा माणूस आहे, माझ्यासारखाच. मधोमध गेलं की डोलतो. नवखा माणूस कठडा धरतो, मी धरत नाही. त्याची चाल आणि माझी चाल जमलेली आहे. तिसरी का चौथी फळी कुरकुरते, तिच्यावर पाय ठेवला की जाऊबाईला पलीकडे ऐकू जातं आणि ती पाठ वळवून बसते, वेणीसाठी. घंटाच म्हण. खांबाच्या बुडाशी लोखंडाला पोपडे सुटलेत, पाणी उतरलं की दिसतात. पोरं काठीने ते खरवडत बसतात.

लोक काय म्हणतात विचारलंस. लोक रोज शिव्या घालतात आणि रोज त्याच्यावरूनच जातात. नवरा-बायकोचं असतं तसं.

तुझ्या साहेबांना माझं नाव घेऊन सांग, हा पूल आता पाडा एकदाचा, आणि माझ्या नातीला इथेच नवा बांधू दे, असा की जाऊबाईलासुद्धा कुणाचा हात न धरता अलीकडे येता आलं पाहिजे, मग मी माझ्या दारात बसेन आणि ती येईल वेणी घालून घ्यायला. इतकी वर्षं मी चालले, आता तिची पाळी.

मास्तर म्हणतात हे वाक्य फार लांब झालं, मध्ये टीप मारू का. मी म्हटलं, राहू दे अखंड.

अंगठा यावेळी जागेवर उठवला आहे, स्वच्छ. सरकारी कामाला शोभेल असा.


१९ फेब्रुवारी

प्रिय आजी,

पत्र मिळालं. खूप उपयोग झाला. साहेब खूश आहेत. कामाचा ढीग पडलाय, म्हणून एवढंच. गुडघ्याला शेक घे. मास्तरकाकांना नमस्कार.

तुझी फुटपट्टी


११ मार्च

फुटपट्टीला आशीर्वाद.

तुझं पत्र एवढं छोटं होतं की मास्तरांनी चष्मा डोळ्याला लावेपर्यंत संपलंसुद्धा. पण माणूस कामात असला की असंच होतं. मी मनावर घेतलं नाही.

काल पुलाच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले. पाटी लावली. मास्तरांनी वाचली, धोकादायक, प्रवेश बंद. सगळी गल्ली जमली. कुणी म्हणालं आता मोठ्या रस्त्याने वळसा, रिक्षाशिवाय जमायचं नाही. कुणी तुझ्या नावाने बोटं मोडली, आजींची नात त्या ऑफिसात आहे ना म्हणून. मी पायरीवर उभी राहून सांगितलं, जुनं काढल्याशिवाय नवं कसं येणार, माझी नात इथेच नवा बांधते आहे, थोडी कळ काढा. भांडी विकणारीने विचारलं, कधी? मी ऐटीत म्हटलं, पावसाच्या आधी. आता मला तोंडघशी पाडू नकोस, लवकर उरका.

जाऊबाईचे हाल आहेत. वेणी नाही म्हणजे केसांचं टोपलं झालं असणार. सकाळी ती पलीकडच्या पायऱ्यांवर येऊन बसते, मी अलीकडे. तिला मी दिसत नाही, म्हणून मास्तरांनी लाल कापडाचा मोठा तुकडा दिला आहे, तो हलवते. लाल तेवढा तिला दिसतो. भांडायला जमत नाही, मध्ये पाणी फार आवाज करतं.

शाळेच्या हॉलमध्ये सभा आहे म्हणे, तुझे साहेब येणार. तू येशील ना? मी पुढच्या रांगेत बसेन. कडक घडीचं नेसणार आहे.

अंगठा.

(आजींनी सगळ्या गल्लीला पेढे वाटल्याच्या थाटात सांगितलं आहे. जरा सविस्तर कळवावं. माझी निम्मी गिऱ्हाइकं पलीकडची आहेत. — मास्तर)


१७ मार्च

प्रिय आजी,

सभेला मला येता येणार नाही, दुसऱ्या कामावर पाठवलंय. तूही जाऊ नकोस. गर्दी असेल, तासन्‌तास बसावं लागेल, तुझा गुडघा. तिथे तांत्रिक बोलणं असतं, तुला कंटाळा येईल. मी नंतर येऊन सगळं नीट सांगेन. सगळं पत्रात लिहिण्यासारखं नसतं.

लोकांना काही सांगत बसू नकोस, प्लीज.

तुझी


२५ मार्च

नातीस,

मी सभेला गेले होते. तुझं पत्र पोचलं होतं. मास्तरांनी वाचून दाखवलं आणि म्हणाले, आजी, गुडघ्याची एवढी काळजी बरी नव्हे, जायलाच हवं. मी त्यांच्यावर चिडले, माझ्या नातीबद्दल असं बोलतात म्हणून. मग गेलो दोघं.

तुझे साहेब चांगले आहेत बोलायला. आवाज मऊ. त्यांनी सांगितलं की लहान पूल काढून टाकणार आणि नवा पूल होणार खाली वळणावर, हमरस्त्याला जोडून, गाड्यांसाठी. बाजूला चालायलाही जागा ठेवली आहे. इथे काही होणार नाही. लोक ओरडायला लागले. मला वाटलं साहेब चुकून बोलले, पुलांची सरमिसळ झाली असेल त्यांच्या डोक्यात. मी पुढच्या रांगेतून हात वर केला होता, समजावून सांगायला.

तेवढ्यात ते म्हणाले, ही मागणी तुमच्याच वस्तीतली आहे. आणि कागद वर धरला. मला वाचता येत नाही, पण जांभळा अंगठा मला लांबून कळतो. त्यांनी वाचलं, हा पूल आता पाडा एकदाचा. मग कागद खाली ठेवला.

मास्तर उभे राहिले. मशीनवर वाकून वाकून ज्या माणसाला धड सरळ होता येत नाही, तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, पुढचं वाचा. साहेब म्हणाले, पुढचा मजकूर वैयक्तिक आहे.

सगळा हॉल माझ्याकडे वळला. भांडी विकणारी तर तोंडावर पदर घेऊन हसत होती. मी तिच्या जागी असते तर मीही हसले असते.

तरी मी तुझ्या बाजूनेच विचार करत होते. म्हटलं, पोरीच्या हातून कागद कुणीतरी काढून घेतला असेल, अर्धा कापला असेल, तिला काय माहीत. असं म्हणत मी भिंतीवर लावलेल्या नकाशापाशी गेले. अंथरुणाच्या चादरीएवढा मोठा. नव्या पुलाचा. आणि त्याच्यावर, गाड्यांच्या कडेला, एक बाई चालली होती. अंबाडा, नेसूचं घोट्याच्या वर, डाव्या हातात पिशवी.

मला अक्षर ओळखता येत नाही गं. पण मी मला ओळखते.

मास्तरांना म्हटलं, कोपऱ्यात काही लिहिलंय का बघा. त्यांनी बघितलं, चष्मा पुसला आणि परत बघितलं. मग म्हणाले, तारीख आहे, दोन जानेवारी. तू मला लहान पुलाबद्दल लिही म्हणालीस ते त्याच्यानंतर. म्हणजे तू मला विचारलंस तेव्हा मला आधीच उचलून तिथे नेऊन ठेवलं होतंस, जिथे मी कधी जाणार नाही आणि जाऊबाई तर नाहीच नाही. मग विचारलंस कशाला? मनमोकळं लिही म्हणालीस. अंगठा विसरू नकोस म्हणालीस. मला वाटलं लाडाने म्हणते आहे.

फसवायचं असलं की दुसऱ्याला अंगठा दाखवतात, अशी आपली म्हण आहे. तू माझाच अंगठा घेऊन सगळ्या गावाला दाखवलास.

मास्तरांनी यावेळी मध्ये काही लिहिलेलं नाही. सभेत वर धरलेलं ते पत्र त्यांच्याच अक्षरातलं होतं.


९ एप्रिल

आजी,

कितीदा लिहिलं आणि फाडलं.

लोखंड खरंच गंजलं आहे. मी स्वतः खाली उतरून ठोकलं, बद्द आवाज आला. हे खोटं नाही. पण दुरुस्त होण्यासारखं होतं, हेही खोटं नाही. मला ते कळत होतं. अहवालात दुरुस्तीचं कुणी विचारलं नाही आणि मी लिहिलं नाही. नव्या पुलाचं आधीच ठरलं होतं. वस्तीतून मागणी असल्याशिवाय फाइल पुढे जात नव्हती. साहेबांनी विचारलं, तू तिथलीच ना, कुणी लिहून देईल का? मी हो म्हटलं. तुझ्या वाक्यात कुठे थांबायचं ती रेघ मीच मारली. साहेबांनी नाही.

मला वाटलं होतं तुला कळणार नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण तेच वाटलं होतं.

आणि आजी, मला हे काम आवडतं. मी ठरवलं आहे, हेच करणार. साहेबांनी माझी कॉलेजची परीक्षा झाल्यावर नोकरीची जागा देतो म्हणून सांगितलंय. बाबासुद्धा आता काही बोलत नाहीत.

पण सभेनंतर लोकांनी वर तक्रार केली आहे, की आजींना फसवून अंगठा घेतला. चौकशी लागली तर पहिलं नाव माझं येईल आणि ती जागा जाईल. कदाचित पुढेही कुणी घेणार नाही. तू एवढंच लिहून दे, की ते पत्र तुझं होतं आणि तू ते राजीखुशीने पाठवलं होतंस. दोन ओळी. खोटं काहीच नाही त्यात. मास्तरकाकांना सांग आणि खाली अंगठा उठव.

यानंतर मी तुझ्याकडे कधीच काही मागणार नाही.

फुटपट्टी


२ मे

नातीस,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. मास्तरांनी रोज विचारलं, आज लिहू या का. मी रोज म्हटलं, आधी तो कोट संपवा. कोट संपला. त्याचा मालक पलीकडचा, अजून न्यायला आलेला नाही.

जाऊबाई गेली. घाबरू नकोस, मेली नाही, तेवढी ती माझ्यावर मेहेरबान नाही. तिच्या मुलाने तिला आपल्याकडे नेलं, लांब. इथे आता तिच्याकडे रोज बघायला कोण जाणार, म्हणाला. बरोबरच आहे त्याचं. जायच्या दिवशी सकाळी ती पायऱ्यांवर आली होती. कुणीतरी तिचे केस कापून टाकले होते, अगदी कानाच्या वर. पोरीसारखी दिसत होती. मी लाल कापड हलवलं. तिनेही हात वर केला, खांद्यापर्यंत, तिचा जातो तेवढा. काहीतरी ओरडली. भांडणच असणार. मला ऐकू आलं नाही, त्यामुळे तेवढं एक भांडण ती जिंकली.

आता तुझ्या कामाचं.

ते पत्र माझं होतं. मी ते खुशीने पाठवलं होतं, एवढ्या खुशीने की आधी तुझं पत्र गिऱ्हाइकांना दोनदा ऐकवलं. चौकशीला कुणी आलं तर त्यांच्या तोंडावर हेच सांगेन. पण मी माझं सगळं वाक्य सांगेन, पहिल्या शब्दापासून वेणीपर्यंत, आणि मध्ये कुणाला थांबवू देणार नाही. त्यातून तुझी जागा राहिली तर राहू दे, गेली तर जाऊ दे. मी तुझ्या वाईटावर नाही. ज्या दिवशी तू मांजराची शेपटी मोजलीस त्या दिवसापासून मी तुझ्या बाजूची आहे, आणि ही सवय या वयात सुटायची नाही. त्याचाच जास्त राग येतो.

तुझा कान चांगला आहे म्हणतात. लोखंडावर ठोकून तुला कळतं आतून काय झालंय ते. मला तू विचारलंस तेव्हा मी खणखणीत वाजले होते. ते तुला ऐकू आलं होतं, माझी खात्री आहे.

एक मागणी माझीही आहे, ही मात्र खरीखुरी वस्तीतली. त्या नकाशावरून मला पुसून टाक. तिथे काडीचा माणूस काढ, इतरांसारखा. मी त्या पुलावरून चालत नाही. पिशवी घेऊन मला जायचं होतं ते ठिकाण आता राहिलं नाही.

अंगठ्याचं तू लिहिलंस. दोन ओळींच्या खाली मागितलास. मास्तरांनी शाईची डबी उघडून समोर ठेवली होती. ते म्हणाले, आजी, पोरीचं आयुष्य आहे. माझ्यापेक्षा ते मऊ निघाले, गिऱ्हाइकं जाऊनसुद्धा. मी अंगठा शाईत बुडवला. मग बसले तशीच. शाई वाळली. संध्याकाळी साबणाने घासली, अजून थोडी नखाच्या कडेला आहे.

मास्तरांना सांगितलं आहे की खाली नेहमीएवढी जागा सोडा आणि तिथे काही लिहू नका. वाचायला तू शिकलीस, मी नाही. तेव्हा ती जागाही तूच वाच.